तडजोड कुणाच्या अटींवर?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बाईच्या बाबतीत तर ती जरा जास्तच जोरात ऐकवली जाते. नवराबायकोचा तंटा चव्हाट्यावर नेऊ नये, चार शहाण्या माणसांत बसून मिटवावा, असे सांगणारे मामा, काका, सरपंच आणि पोलीसपाटील प्रत्येक गावात असतात. आता हाच सल्ला थेट न्यायालयाकडून येऊ लागला आहे. त्याचे नाव मध्यस्थी. घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला की पहिल्या काही तारखांतच पक्षकारांना मध्यस्थी केंद्राकडे पाठवले जाते. वैवाहिक तंट्यांत मध्यस्थीचा प्रयत्न आवर्जून व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट सांगितले. २०२३ साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला आणि त्याची काही कलमे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लागू झाली. वकीलही सांगतात, ''बाई, कशाला वर्षानुवर्षे लढता? म्युच्युअल करून मोकळ्या व्हा.''

सल्ला केंद्रावर येणाऱ्या बायका म्हणूनच विचारतात, ''ताई, मध्यस्थीला जाऊ की केस लढवू?'' या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे : मध्यस्थीला जरूर जावे, पण रिकाम्या हाताने जाऊ नये. हे असे का, ते या संपादकीयात नीट मांडायचे आहे.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. समेट म्हणजे दोघांनी पुन्हा एकत्र नांदणे. समुपदेशन म्हणजे मन मोकळे करायला आणि विचार करायला मदत करणे. मध्यस्थी या दोन्हींहून वेगळी आहे. मध्यस्थ निकाल देत नाही आणि कोण चूक, कोण बरोबर हेही ठरवत नाही. दोन्ही बाजूंना बोलते करून, त्यांना मान्य होईल असा करार घडवून आणणे एवढेच त्याचे काम. तो करार 'परत नांदू' असा असू शकतो, तसाच 'सन्मानाने वेगळे होऊ' असाही असू शकतो. करार झाला नाही तर प्रकरण जिथे होते तिथे, म्हणजे न्यायालयात परत येते. मध्यस्थीसमोर बसायचे असले तरी सही करण्याची सक्ती कुणावरही नाही, ही गोष्ट प्रत्येक बाईने मनाशी पक्की धरली पाहिजे.

प्रत्यक्षात मात्र हे तिन्ही शब्द एकमेकांत मिसळले जातात आणि त्याची किंमत बाई मोजते. कुटुंब न्यायालये असावीत ही मागणी स्त्रियांच्या संघटनांचीही होती. साध्या भाषेत, काळ्या डगल्यांच्या गर्दीत न हरवता बाईला आपले म्हणणे मांडता यावे, हा त्यामागचा हेतू. १९८४ साली कायदा झाला आणि १९८९ साली पुण्यात आणि मुंबईत कुटुंब न्यायालये सुरू झाली. पण कायद्याच्या उद्देशातच विवाहविषयक तंट्यांत समेट घडवण्यावर भर होता, आणि ९व्या कलमाने तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच ठरवले. त्यामुळे कितीतरी जणींना न्यायालयाच्या आवारातही तेच ऐकावे लागले, जे घरी ऐकले होते : ''मुलांकडे बघा'', ''थोडे सोसा'', ''एकदा संधी देऊन पाहा''. संसार जुळवला की काम झाले, असे मानणारी माणसे समोर बसली असतील, तर बाईच्या 'नाही'ला तिथे जागा उरत नाही.

मग मध्यस्थी नकोच, असे म्हणायचे का? तसे आम्ही म्हणत नाही. न्यायालयीन लढाई बाईला काय देते, हेही आपण जवळून पाहतो. आपला कायदा बहुतांशी दोष सिद्ध करण्यावर उभा आहे. क्रूरता, परित्याग, व्यभिचार यांतले काहीतरी पुराव्याने शाबीत करावे लागते. म्हणून दोन्हीकडून अर्जात चिखलफेक होते आणि बाईच्या चारित्र्यावर पानेच्या पाने लिहिली जातात. शिवाय दावा एकच कधी नसतो. घटस्फोटाचा अर्ज एका न्यायालयात, पोटगीचा दुसरीकडे, कौटुंबिक हिंसाचाराचा तिसरीकडे, छळाची फौजदारी केस चौथीकडे आणि मुलांच्या ताब्याचा वाद आणखी वेगळा. प्रत्येक तारखेला रजा, एस.टी.चे भाडे, वकिलाची फी, आणि पुढची तारीख. तिशीत दावा लावलेली बाई चाळिशीच्या उंबरठ्यावर तरी मोकळी होईल का, याची खात्री देता येत नाही. चांगली मध्यस्थी हे सगळे धागे एका बैठकीत एकत्र आणू शकते. पैसे, घर, मुले, स्त्रीधन आणि चालू असलेल्या सगळ्या केसेस यांचा एकच करार होतो. हा फायदा खरा आहे आणि तो बाईला मिळालाच पाहिजे.

बाहेरच्या तडजोडीने बाई सुटल्याचे आपल्याकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण डॉ. रखमाबाईंचे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजींकडे नांदायला जायचे नाकारले. १८८४ साली दादाजींनी दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने हुकूम दिला की महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची बजावणी सोडून दिली. त्यानंतर रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या. या तडजोडीकडे नीट पाहा. ती एका दुबळ्या बाईला समजावून झालेली नव्हती. रखमाबाई स्वतः वर्तमानपत्रात लिहीत होत्या, त्यांच्या पाठीशी घर होते, पैसा उभा करणारी माणसे होती, आणि 'जमत नसेल तर तुरुंगात जाईन' असे म्हणण्याची ताकद होती. म्हणून समोरचा बोलणीला आला. तरीही पैसे मोजावे लागले ते बाईलाच, हेही विसरायला नको. आणि 'नांदायला ये' असा दावा लावण्याची सोय हिंदू विवाह कायद्याच्या ९व्या कलमात आजही आहे. बायकोने पोटगी मागितली की उत्तर म्हणून तिचा वापर करणारे नवरेही आहेत.

यातून एक साधे सूत्र निघते. मध्यस्थीच्या खोलीत काय मिळेल, हे त्या खोलीबाहेर तिच्यापाशी काय आहे यावर ठरते. उठून जाता येईल अशी बाई बसून बोलू शकते. जिच्याजवळ उद्याच्या भाजीचे पैसे नाहीत, ती समोर येईल त्या आकड्यावर सही करते. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या म्हणजे दोन माणसे बरोबरीची होत नाहीत. नवरा स्वतःच्या घरातून येतो आणि स्वतःच्या पगारातून वकील देतो. त्याला घाई नसते. बाई माहेरच्या ओसरीवरून येते. भावजयीचे तोंड, शाळेची फी, पाठच्या बहिणीचे अडलेले लग्न हे सगळे तिच्याबरोबर त्या खोलीत येऊन बसते. गोव्यात, वेगळा करार केलेला नसेल तर, नवराबायकोची मालमत्ता समाईक धरली जाते आणि बायकोचा निम्मा वाटा असतो. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. वीस वर्षे संसार केलेल्या, शेतात राबलेल्या, दुकान सांभाळलेल्या बाईचे त्या घरावर नाव नाही. म्हणून मध्यस्थीत ती 'आपला वाटा' मागत नाही, 'काहीतरी द्या' म्हणते. वाटा मागणे आणि काहीतरी द्या म्हणणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

तेव्हा मध्यस्थीला बसण्याआधी बाईने, आणि तिच्याबरोबर आपण, काय करावे?

पहिली गोष्ट, अंतरिम पोटगीचा अर्ज. तो आधी द्यावा. मध्यस्थी चालू आहे म्हणून तो मागे ठेवू देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जे यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू करायची. हे प्रतिज्ञापत्र हाती आल्याशिवाय रकमेची बोलणी करूच नये. मध्यस्थीतले बोलणे गोपनीय असते. त्याचा एक अर्थ असा की, नवऱ्याने तिथे तोंडी सांगितलेला पगार उद्या न्यायालयात 'तो तिथे असे म्हणाला' म्हणून पुरावा होत नाही. शपथेवर लिहिलेला मात्र होतो.

दुसरी गोष्ट, छप्पर. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ साली झाला. त्याच्या १७व्या कलमाने बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला, मग घर कुणाच्याही नावावर असो. हा हक्क वापरायचा की नाही हे ती ठरवील. पण तो आहे हे तिला ठाऊक असेल, तर ती वेगळ्या आवाजात बोलते.

तिसरी गोष्ट, स्त्रीधनाची यादी. लग्नातले फोटो, सोनाराच्या पावत्या, आंदणाच्या वस्तू सगळे लिहून काढावे. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले आहे. ते परत करणे म्हणजे नवऱ्याचा मोठेपणा नव्हे, आणि पोटगीच्या रकमेत ते मिसळूनही द्यायचे नसते.

चौथी गोष्ट, वकील. बाईला उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तशी तरतूद आहे आणि जिल्ह्याच्या न्यायालयात त्याचे कार्यालय असते. नवऱ्याच्या वकिलाने 'दोघांचे मीच बघतो' म्हटले, तर हात जोडून नकार द्यावा.

आता सर्वांत नाजूक मुद्दा, मारहाणीचा. ज्या घरात बाई नवऱ्याच्या नुसत्या नजरेने गप्प होते, तिथे 'दोघांनी मोकळेपणाने बोला' या वाक्याला अर्थ उरत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९८१ पासून मुलांच्या ताब्याच्या वादात मध्यस्थी सक्तीची केली. तिथल्या कायद्याच्या प्राध्यापक ट्रीना ग्रिलो यांनी १९९१ साली एका प्रदीर्घ लेखात सक्तीच्या मध्यस्थीतले स्त्रियांसाठीचे धोके मांडले. अशा बैठकीत बाईचा राग हा अडथळा समजला जातो, झाल्या अन्यायाबद्दल बोलणे 'मागचे उगाळणे' ठरते, आणि समजूतदारपणाची अपेक्षा तिच्याकडूनच होते, हे त्यांचे निरीक्षण आपल्या तालुक्याच्या गावालाही लागू पडते. आपल्याकडे हिंसाचार कायद्याखालच्या २००६ च्या नियमांत या धोक्याची जाण दिसते. १४व्या नियमानुसार समुपदेशनात नवऱ्याला आपल्या हिंसेचे समर्थन करू द्यायचे नसते, आणि पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची असते. 'तिने उलट उत्तर दिले म्हणून हात उचलला' हे वाक्य त्या खोलीत चालता कामा नये. मध्यस्थीतही हाच नियम असावा, असे आमचे म्हणणे आहे. जिथे मारहाण झाली आहे तिथे दोघांना समोरासमोर बसवू नये. वेगवेगळ्या वेळी बोलवावे, येण्याजाण्याच्या वाटेवर बाई सुरक्षित आहे हे पाहावे, आणि तिने 'मला मध्यस्थी नको' म्हटले तर ते तिच्या विरुद्ध धरू नये. अशा वेळी बोलायचे असेलच, तर फक्त वेगळे होण्याच्या अटींवर बोलावे. 'परत नांदा' हा विषय तिने स्वतः काढला तरच निघावा.

दुसरा सावधगिरीचा इशारा स्टॅम्पपेपरचा. आजही किती तरी ठिकाणी शंभर-पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर 'आमचा काडीमोड झाला' असे लिहून, नोटरीचा शिक्का मारून, पंचांच्या सह्या घेतल्या जातात. 'कोर्टाबाहेर मिटवले' असे त्याला म्हणतात. मैत्रिणींनो, हिंदू विवाह कायद्याखाली झालेले लग्न अशा कागदाने मोडत नाही. काही जातीजमातींत रूढीने घटस्फोट होतो आणि कायद्याने ती रूढी मानली आहे. पण ती रूढी आहे हे न्यायालयात सिद्ध करावे लागते, आणि ते सोपे नसते. मुस्लिम कायद्यात परस्परसंमतीचा 'मुबारत' न्यायालयाबाहेर होऊ शकतो. इतरांना मात्र शेवटी न्यायालयाचा हुकूमनामा लागतोच. तो नसताना बाईने दुसरे लग्न केले तर ते बेकायदा ठरते, वर फौजदारी गुन्ह्याची भीती. आणि नवऱ्याने केले तर येणारी दुसरी बाई फसते. मध्यस्थीत अटी बाहेर ठरवता येतात, पण सुटका न्यायालयाच्या शिक्क्यानेच होते, हे गावोगाव सांगायला हवे. जातपंचायत ही तर मध्यस्थी नव्हेच. तिथे न ऐकणाऱ्याला वाळीत टाकले जात असे आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला, तो २०१७ साली लागू झाला.

ज्या करारावर सही करायची, त्यात काय असावे? परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. किमान एक वर्ष वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा येऊन संमती सांगायची. ही सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवले. हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकते, हे १९९१ च्या निकालाने स्पष्ट आहे. आणि कुटुंब न्यायालयात संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. म्हणजे सहीपूर्वी विचार करायला वाव आहे, सहीनंतर जवळजवळ नाही. मुदत माफ करून घ्यायची घाई नेमकी कुणाला आहे, हे प्रत्येकीने स्वतःला विचारावे.

पैशाचे हप्ते असतील तर प्रत्येक हप्त्याची तारीख लिहावी आणि तो न्यायालयाच्या टप्प्याशी बांधावा. पहिल्या अर्जाच्या दिवशी इतके, शेवटच्या तारखेला इतके, तेही डिमांड ड्राफ्टने. छळाची फौजदारी केस तडजोडीनंतर उच्च न्यायालयाकडून रद्द करून घेण्याची वाट २००३ च्या निकालाने मोकळी झाली. ती केस आधी रद्द आणि पैसे नंतर, असा क्रम कधीही मान्य करू नये. रक्कम उशिरा आली तर व्याज किती, हेही लिहावे. मुलांच्या बाबतीत 'भेटू देईल' एवढ्यावर भागत नाही. वार, वेळ, ठिकाण, सुट्ट्या, शाळेची फी, आजारपणाचा खर्च आणि दरवर्षी होणारी वाढ हे सगळे नोंदवावे. 'मुलांसाठी काही मागणार नाही' असे आईकडून लिहून घेतात. पण मुलांचा पोटगीचा हक्क मुलांचा आहे, आईने सोडला म्हणून तो सुटत नाही. आणि करार मराठीत वाचून दाखवल्याशिवाय, घरी नेऊन एक रात्र विचार केल्याशिवाय त्यावर सही करू नये.

शासनाकडे आणि न्यायालयांकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. मध्यस्थांना हिंसाचार ओळखण्याचे प्रशिक्षण द्या. बाईला हवी असल्यास सोबत कार्यकर्ती बसू द्या. उत्पन्नाची प्रतिज्ञापत्रे आल्याशिवाय रकमेची बोलणी सुरू करू नका. मध्यस्थी चालू असताना अंतरिम पोटगीचा अर्ज थांबवू नका. आणि मध्यस्थाचे यश किती प्रकरणे मिटली यावर मोजू नका. वर्षभरानंतर त्या बाईला ठरलेले पैसे मिळत आहेत का, ती आणि मुले सुरक्षित आहेत का, यावर मोजा.

काम आपल्यालाही आहे. १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने महिला आणि बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, तेव्हापासून प्रशिक्षित कार्यकर्तीने बाईच्या बाजूने उभे राहून बोलणी करण्याची एक परंपरा महाराष्ट्रात आहे. ही मध्यस्थी तटस्थ नसते आणि तसा आव आणत नाही. दुबळ्या बाजूला बळ देऊन मग बोलणी करते. प्रत्येक तालुक्यात अशी एक तरी कार्यकर्ती हवी, जी बाईबरोबर केंद्रावर जाईल, कागद वाचील, आणि गरज पडली तर 'आज सही नको, उद्या येऊ' असे म्हणेल. हे शेवटचे वाक्य बोलायला एकट्या बाईला फार धीर लागतो. शेजारी कुणी बसले असेल तर ते सहज बोलता येते.

संसार मोडणे हा गुन्हा नाही, आणि कोर्टात जाणे ही बेअब्रू नाही. तसेच वाटाघाटीने सुटणे ही हारही नाही. आपल्या अटी काय आहेत हे ओळखून, त्या मागण्याचे बळ गोळा करून बाई बोलणीला बसली, तर ती तडजोड तिची स्वतःची असेल. मध्यस्थीचे तुमचे, तुमच्या गावातले, बरे-वाईट अनुभव आम्हाला जरूर कळवा. नावे न देता ते पुढच्या अंकात छापू, म्हणजे एकीच्या अनुभवाचा दुसरीला आधार होईल.

— संपादक मंडळ